सोलापुरात मुलांना घेऊन राहायला कुठला भाग बरा? आणि जुनी घरं टिकवणारा काही नियम आहे का?

पोटमाळा

तेरा वर्षं पुण्यात काढून आम्ही जूनमध्ये सोलापूरला परत येतोय. माझी बदली झाली, नवऱ्याचं काम घरूनच चालतं आणि सासूबाईंना आता एकटं ठेवणं बरं नाही. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन. भाड्याचं घर नको, एकदाच काय ते घेऊन टाकायचं असं ठरलंय.

दोन घरं मनात आहेत. जुळे सोलापुरात, म्हणजे शहराच्या नव्या भागात, एक नवं रो-हाऊस, एकदम चकचकीत, फरशीत तोंड दिसतं. आणि रेल्वे लाईन्स नावाच्या जुन्या भागात आतल्या गल्लीत एक जुना बैठा बंगला. दगडी जोतं, मंगलोरी कौलं, पुढं व्हरांडा, अंगणात कडुनिंब आणि कुंपणावर वाकलेलं रामफळ. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. आम्ही गेलो तर आधी पोरांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले, मग भाव सांगितला.

खरं सांगू का, मला घरापेक्षा गल्ली आवडली. ओळीनं सहा-सात बैठी घरं, कुंपणं कमरेएवढी. पोरं रस्त्यात क्रिकेट खेळत होती आणि एक आजोबा खुर्ची टाकून अंपायर. भीती एवढीच की उद्या शेजारचा बंगला पडला आणि तिथं सात मजले चढले तर? पुण्यात हे भोगून झालंय. घर घेतलं तेव्हा बाल्कनीतून टेकडी दिसायची, आता समोरच्यांचं वॉशिंग मशीन दिसतं.

तर, म्हातारं माणूस आणि लहान मुलं घेऊन कुठं राहावं? आणि जुनी घरं पाडू नयेत असा काही नियम आपल्याकडं आहे का, की ते सगळं परदेशातच?

जुळेसोलापूरकर

जुळे सोलापूर घ्या, विषय संपला. रुंद रस्ते, क्लास, दवाखाने, भाजीवाला दारात. मुलांना जोडीला मुलं लागतात हो. रेल्वे लाईन्समध्ये निम्म्या बंगल्यांत दोन म्हातारी माणसं आणि एक अल्सेशियन.

भोंगा

अल्सेशियनही आता म्हातारा झालाय.

कडकभाकरी

ताई, भाग-बिग नंतर. आधी पाणी विचारा. नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतं हे पुण्यात राहून विसरला असाल. पाच माणसांचं घर, दिवसाला ५००-६०० लिटर धरा. पाच दिवसांचे झाले ३,००० लिटर, आणि एखादी पाळी चुकली की दुप्पट. जमिनीखाली हौद किती लिटरचा आहे, बोअरला मे महिन्यात पाणी असतं का, आणि पाणी रात्री दोनला येतं की पहाटे पाचला, एवढं विचारून या. मग रामफळाकडं बघा.

ह्यूस्टनकर

मूळचा आपला, मुरारजी पेठेतला. सध्या अमेरिकेत ह्यूस्टनला. परदेशात असतं का असं विचारलंत म्हणून लिहितो.

ह्यूस्टन गंमतीचं शहर आहे. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या शहरात झोनिंगच नाही, म्हणजे घरं कुठं आणि दुकानं कुठं हे ठरवून देणारा नियमच नाही. घराशेजारी टायरचं दुकान निघू शकतं. मग लोकांनी काय केलं, तर जमिनीच्या दस्तातच अटी घातल्या: इथं घरच बांधायचं, इतकी जागा सोडायची, दुकान नाही. त्या अटी पुढच्या खरेदीदारावरही लागू. आम्ही राहतो तो हाइट्स भाग १८९१ मध्ये वसवलेला. लाकडी घरं, पुढं रुंद पोर्च, मोठी झाडं. त्यातल्या काही पट्ट्यांना शहरानं ऐतिहासिक वसाहत ठरवलंय. तिथं घर पाडायचं किंवा दर्शनी भाग बदलायचा तर आधी मंजुरीचा दाखला लागतो. मागच्या बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाही असं वाढवायला सहसा हरकत नसते.

पण फार कौतुक नको. २०१० पर्यंत असं होतं की दाखला नाकारला तरी मालकानं ९० दिवस थांबायचं आणि मग खुशाल पाडायचं! नियम बदलला तेव्हा आमच्या गल्लीत भांडणं झाली. एका दारात 'जुनं वाचवा'ची पाटी, शेजारच्या दारात 'माझं घर, माझा हक्क'. आणि मी स्वतः एक कुजलेली लाकडी खिडकी बदलायला अर्ज, फोटो, नकाशा करत दोन महिने घालवलेत. बायको म्हणाली, यापेक्षा सोलापूरचा सात-बारा बरा.

यंत्रमाग

पोरांसाठी कसा आहे मग तो भाग?

ह्यूस्टनकर

झकास. संध्याकाळी सगळे पोर्चवर. शिवाय १९१२ पासून तिथं दारूविक्रीला बंदी होती. बिअर आणि वाइन दुकानात मिळायला २०१६ चं मतदान उजाडावं लागलं.

यंत्रमाग

काय बे, मग शंभर वर्षं जुनी घरं टिकणारच की. संध्याकाळी घरी बसण्याशिवाय दुसरं काम काय!

भोंगा

खिक्.

काळाकोट

पोटमाळा ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. वकिली सवयीनं लांबेल.

नियम आपल्याकडंही आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये विकास आराखडा करताना वारसा इमारती आणि वारसा परिसर जपण्याची तरतूद आहे. डिसेंबर २०२० ला राज्यासाठी एकात्मिक नियमावली आली, तिच्यातही वारशाचा भाग आहे. इमारतींना तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत आतबाहेर हात लावायचा नाही, फक्त मजबुतीपुरतं. दुसरीत आतून बदल चालतो. तिसरीत गावाच्या चेहऱ्याला शोभा देणारी घरं येतात, त्यांना सवलत जास्त. मालकाचे बांधकामाचे हक्क गेले तर बदल्यात टीडीआर मिळतो, म्हणजे ते हक्क दुसरीकडं विकता येतात.

पण हे लागू कुणाला? जी इमारत किंवा जो परिसर यादीत आहे त्यालाच. 'जुनं आहे' म्हणून आपोआप काही वाचत नाही. तुमच्या बंगल्याचं नाव यादीत आहे का, हे नगररचना विभागात लेखी विचारा. नसेल तर शेजारी उद्या जेसीबी बोलावू शकतो.

आता कुणी सांगत नाही ते सांगतो. गल्लीची रुंदी मोजा. २०२० च्या नियमावलीत दाट वस्तीबाहेरच्या भागात ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ चटई क्षेत्र १.१, म्हणजे प्लॉटच्या १.१ पट बांधकाम मिळतं, आणि त्यावर प्रीमियम (पैसे भरून जादा बांधकाम) किंवा टीडीआर चढवता येत नाही. जिना, बाल्कनीसारखं अनुषंगिक क्षेत्र पैसे भरून थोडं मिळतं, पण सात मजल्यांचं गणित तिथं बसत नाही. बिल्डर गल्लीत येतो, टेप टाकतो आणि चहा न पिता जातो. आता उलटी बाजू. विकास आराखड्यात ती गल्ली रुंद करायची रेघ असेल तर संरक्षण गेलं आणि वरून तुमचा व्हरांडाही गेला. म्हणून त्या आराखड्याचा भाग नकाशा काढल्याशिवाय इसार देऊ नका.

बाकी नेहमीचं: मिळकत पत्रिका, तिच्यावर सत्ताप्रकार काय लिहिलाय (भाडेपट्टा असेल तर मुदत आणि हस्तांतराच्या अटी बघायच्या), ३० वर्षांचा शोध अहवाल, वारसांच्या सह्या. आणि जुळे सोलापुरातलं नवं आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका. १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या भागांत गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीविना पाडून विकलेले, तुकडे पुष्कळ. बिगरशेती आदेश आणि मंजूर रेखांकन दोन्ही मागा. 'होऊन जाईल' हा दस्त नव्हे.

जुळेसोलापूरकर

सगळं जुळे सोलापूर गुंठेवारी नाही हो वकीलसाहेब. आमच्या लेआउटचे सगळे कागद आहेत.

काळाकोट

मग दाखवायला काय हरकत आहे? मी 'मागा' म्हणालो, 'नाहीत' म्हणालो नाही.

ह्यूस्टनकर

काळाकोट, आमच्यासारख्या अटी तिथं खरेदीखतात घालता येत नाहीत का?

काळाकोट

शेजारच्या मालकाच्या फायद्यासाठी 'या जागेवर असं बांधू नये' अशी अट घालता येते. लंडनच्या एका बागेवरून १८४८ मध्ये जो निवाडा झाला त्याचं तत्त्व आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही उतरलंय. पण अट घालणारा मालक लागतो ना! इथं आधीच सात घरांचे सात मालक, आणि प्रत्येकाची मुलं वेगवेगळ्या देशांत. त्या सगळ्यांच्या सह्या गोळा करण्यापेक्षा संक्रांतीच्या गड्डा जत्रेत हरवलेलं पोरगं लवकर सापडेल.

मूळची_बाळीवेस

जपा जपा म्हणणाऱ्यांना एक विनंती. आमच्या वाड्यात एक पावसाळा काढा.

दीडशे वर्षांचा वाडा, माळवदाचा, म्हणजे लाकडावर माती पसरलेल्या सपाट छताचा. बाहेर ४३ अंश असलं तरी मधल्या खणात पंख्याची गरज नाही, हे खरं. पण माळवदाला दरवर्षी मृगाआधी पांढरी माती घालावी लागते. ती भिजवून, तुडवून, उतार धरून पसरणारी माणसं आता मिळत नाहीत. २०२० च्या ऑक्टोबरमधला पाऊस आठवतोय? दोन रात्री आम्ही थेंबांखाली भांडी लावत होतो. परात, घमेलं, कुकर, शेवटी बाळाचा टब. किलचणीतून (छताच्या लाकडी पट्ट्यांतून) माती गळून आईच्या पोथीवर पडली तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, विकून टाका.

विकायचं कसं? पत्रिकेवर अकरा नावं. त्यातली तिघं वारली, त्यांच्या वारसांची नोंद नाही. खाली दोन भाडेकरू, महिना ६० रुपये. त्यांना काढता येत नाही आणि त्या ६० रुपयांत एक पत्राही येत नाही. मागच्या वर्षी एक फोटोवाला आला, जिन्याचा फोटो काढून 'काय सुंदर' म्हणाला. त्याच जिन्यावरून आजी पडली होती.

मी आता हॉटगी रोडला फ्लॅटमध्ये राहते. शांत झोप लागते. नियम करणाऱ्यांनी आधी दुरुस्तीचे पैसे द्यावेत आणि मग श्रेणी लावाव्यात.

भोंगा

बाळीवेस ताई, एकही शब्द खोटा नाही.

कडकभाकरी

+१. फोटोवाल्याला वाटी द्यायची होती थेंबाखाली धरायला.

चुनाविटा

मी बांधकामातला आहे, जुन्या घरांची कामं करतो. बाळीवेस यांचं दुःख खरं, पण माळवद गळण्यात बऱ्याचदा आपलाच हात असतो. दरवर्षी नवी माती घालायची, पण जुनी काढायची नाही. होता होता दीड-दोन फुटांचा थर साचतो. लाकूड कोरड्या मातीच्या हिशेबानं बसवलेलं, त्यावर ओल्या मातीचं ओझं. मग कुणीतरी सांगतं वरून सिमेंटचा कोबा करा. कोब्याला तडा गेला की पाणी आत जातं पण बाहेर येत नाही आणि तुळई आतून कुजते. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावाही तसाच घात करतो. भिंतीला श्वासच घेता येत नाही.

पोटमाळा, तुमचं घर कौलारू, म्हणजे सोपं. तरी बघायला जाताना एक पेचकस न्या. वासे आणि तुळया भिंतीत शिरतात त्या टोकांना टोचून बघा. पाव इंचापेक्षा जास्त शिरला तर वाळवी किंवा कूज. तुळईवर बोटांनी टकटक केली की निरोगी लाकूड खणखणीत बोलतं, पोकळ झालेलं भोपळ्यासारखं. मधला भाग बघून फसू नका, रोग टोकाला असतो. आणि भर उन्हात दुपारी दोन-तीनला जा. सकाळी सगळीच घरं गार असतात.

सातरस्ता

कुणी किल्ल्याचा नियम सांगितला नाही? भुईकोट केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम मना, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीनं. म्हणजे जुनी वस्ती जशीच्या तशी हवी असेल तर किल्ल्याला चिकटून घर घ्या!

काळाकोट

विनोद बरा, पण त्यात खड्डा आहे. तो नियम किल्ला वाचवतो, घर नाही. तुमचं घर पडलं तर १०० मीटरच्या आत पुन्हा नवं बांधता येणार नाही. १६ जून १९९२ च्या आधीचं घर असेल तर दुरुस्ती, डागडुजी करता येते, तीही परवानगी घेऊन. संरक्षण शेजाऱ्यापासून मिळेल, पण भिंत वाकली की तुम्हीच अडकाल.

भोंगा

आमचे वडील जुन्या मिलमध्ये होते. १८७७ ची गिरणी. शाळेची वेळ आम्ही भोंग्यावर ठरवायचो, घड्याळ घरात नव्हतंच. एवढी दगडी गिरणी गेली, कुणाला काही वाटलं नाही, मग बैठ्या बंगल्याला कोण विचारतो?

गावात काय टिकलं बघा. वारदांची इंद्रभुवन ही जुनी इमारत टिकली, कारण तिथं महापालिका बसली. भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर टिकलं, कारण त्याचं स्मारक झालं. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्याकडं तर दर संक्रांतीला अख्खं गाव लोटतं. सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या काठ्या तिथूनच निघतात ना. ज्या जागेला अजून काम आहे ती उभी आहे. नुसत्या सुंदर होत्या त्या गेल्या.

जुळेसोलापूरकर

आणि साखर कारखान्याची चिमणी?

भोंगा

तो विषय काढू नको बे. १५ जून २०२३ ला विमानतळासाठी ती पाडली, तेव्हापासून आमच्या घरात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो विमान, एक म्हणतो ऊस. जेवताना कुणी वर बघत नाही.

पूर्वभाग

सगळे रेल्वे लाईन्स आणि जुळे सोलापूरच म्हणालेत. अशोक चौकाकडं कुणी का येत नाही? माझी दोन पोरं इथंच वाढली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि मामाकडं इंडीला गेली की कन्नड. फी न भरता तीन भाषा. आई-बाप कामात असले तरी पोराला कुणी उपाशी ठेवत नाही, शेजारी हाक मारूनच जेवायला बसतात. यंत्रमागांची खटखट असते, मान्य. पण सवय होते. वीज गेली आणि माग थांबले की आमची धाकटी झोपेतून दचकून उठायची, काय झालं म्हणून.

यंत्रमाग

खरंय. मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा पहिले दोन महिने झोप नाही. शांततेचा आवाज लई मोठा.

मूळची_बाळीवेस

पूर्वभाग, तुमचं पटतं. पण सत्तरीच्या सासूबाईंना ती खटखट सोसेल का? मागाचे दिवस सरत चालले तरी आवाज आहेच. पोटमाळा ताई, घरापेक्षा सासूबाईंना विचारलंत का, त्यांना कुठं राहायचंय?

पोटमाळा

किती लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाईंना विचारलं. त्यांचं एकच उत्तर: "जिथून देवळात चालत जाता येईल आणि जिना नसेल." रो-हाऊसला आत जिना आहे आणि खाली संडास नाही. तिथला निकाल असा लागला.

रविवारी दुपारी अडीचला बंगल्यावर गेलो. पेचकस, टेप, सगळं घेऊन. चुनाविटा, तुमच्यामुळं अब्रू गेली. मी स्टुलावर चढून तुळईला टोचतेय आणि मालकीणबाई खालून म्हणाल्या, "दात काढतेस का तिचे?" पाच तुळयांत एक भोपळ्यासारखी बोलली, स्वयंपाकघरातली, जिथं मोरीची ओल येते. बाकीच्या खणखणीत. उकाडा बाहेर होता, आत नाही असं म्हणणार नाही, पण व्हरांड्याच्या आतल्या खोलीत मुलगा चटईवर झोपला तो साडेचारलाच उठला.

मग गल्ली मोजली. नवरा एका टोकाला, मी दुसऱ्या. अंपायर आजोबांनी मॅच थांबवून टेपला मधोमध धरलं. ७ मीटर २० सेंटीमीटर. आजोबा म्हणाले, "गेल्या महिन्यात एकजण असंच मोजून गेला. पांढऱ्या गाडीतून आला होता. चहा विचारला तर नको म्हणाला." काळाकोट, तुम्ही ज्योतिषी आहात का?

काळाकोट

अनुभव, दुसरं काय. भाग नकाशा काढलात?

पोटमाळा

अर्ज दिलाय. रुंदीकरणाची रेघ नसेल तरच इसार. पत्रिकेवर मालकीणबाई एकट्याच, त्यांचा मुलगा संमतीला यायला तयार. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशीही बोलले. उजवीकडचे म्हणाले आम्ही मरेपर्यंत हलणार नाही. डावीकडच्यांनी उत्तर दिलं नाही, पापड दिले.

चुनाविटा

भोपळा तुळई पूर्ण काढू नका. कुजलेलं टोक कापून नवा सागवानी तुकडा जोडता येतो, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. पण आधी मोरीची ओल बंद करा, नाहीतर नवाही तुकडा पाच वर्षांत तसाच बोलेल.

जुळेसोलापूरकर

ठीक आहे, हरलो. पण पोरांच्या क्लासला सोडायला रोज आमच्याकडंच येणार आहात, लिहून ठेवा.

पोटमाळा

येईनच की दादा. आणखी एक राहिलं. मालकीणबाईंची अट आहे. रामफळ तोडायचं नाही आणि त्या असेपर्यंत दर उन्हाळ्यात पिकलेली चार फळं त्यांच्या मुलाच्या घरी पोचवायची. हे खरेदीखतात लिहा म्हणतात. लिहितात का असं?

काळाकोट

दुय्यम निबंधक चष्मा काढून बघतील. वेगळ्या कागदावर लिहू, मसुदा मी फुकट करून देतो. फीऐवजी पाचवं फळ.

ह्यूस्टनकर

बघा, दस्तातल्या अटी सुरू झाल्या.

कडकभाकरी

सगळं झालं, तुळई झाली, रामफळ झालं. हौद किती लिटरचा ते ताईंनी अजून सांगितलेलं नाही.